पालखी कोण उचलतो?



आजची ही सभा ज्या वस्तीत भरली आहे, तिच्या नावातच आजच्या विषयाचे बीज दडलेले आहे. भोईवाडा म्हणजे भोयांची वस्ती, आणि भोई म्हणजे पालखी वाहणारा. परळ-नायगावच्या या पट्ट्यात आज ना ती पालखी उरली, ना तिचे भोई. टाटा रुग्णालयाकडे वळणाऱ्या टॅक्सी, न्यायालयाच्या दारातली वकिलांची आणि पक्षकारांची वर्दळ, बी.डी.डी. चाळींच्या जागी उभे राहणारे उंच मनोरे, हे आजचे दृश्य. पण दुसऱ्याचे ओझे माणूस स्वतःच्या खांद्यावर कशासाठी घेतो, हा जो प्रश्न त्या पालखीबरोबर इथे आला, तो मात्र अजून जागचा हललेला नाही. उलट संगणकाच्या युगात तो नव्या रूपाने समोर येऊन उभा राहिला आहे.

पालखीच्या दोन कथा आपल्या परंपरेत शेजारी शेजारी नांदतात. पहिली श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधातली. सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण पालखीतून निघाला होता. वाटेत एक भोई कमी पडला म्हणून सेवकांनी एका धट्ट्याकट्ट्या ब्राह्मणाला धरून आणले आणि दांडीला जुंपले. तो होता जडभरत. पायाखाली कीडमुंगी चिरडू नये म्हणून तो बाणभर अंतरावरची भूमी पाहून पाऊल टाकी. त्यामुळे इतरांशी त्याची चाल जुळेना आणि पालखी डुचमळू लागली. राजा संतापला. पुढचा संवाद श्रोत्यांना परिचित आहे. इथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की जडभरत आळशी नव्हता आणि दुबळाही नव्हता. त्याला त्या कामाशी काही कर्तव्य नव्हते.

दुसरी कथा दरवर्षी आषाढात घडते. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा प्रस्थानाच्या दिवशी ती खांद्यावर घेण्याचा मान आळंदीकरांचा असतो आणि तो मान मिळावा म्हणून तरुणांची झुंबड उडते. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे इतर दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीत वीणेकरी, टाळकरी, पताकाधारी. लक्षावधी माणसे दोन-अडीच आठवडे चालतात, आणि कुणालाही वेतन नसते, नेमणुकीचे पत्र नसते. हाती पडते ती केवळ पायांची दुखणी. तरीही पुढच्या वर्षी तीच माणसे पुन्हा उभी राहतात.

ओझे तेच, दांडी तीच. एकीकडे पालखी डुचमळते आणि दुसरीकडे ती नाचत जाते. मधला फरक प्रेरणेचा आहे.

आता संगणकाकडे वळू. ‘सामाजिक संगणन’ हा शब्द ऐकायला जड वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या असंख्य माणसांनी संगणकाच्या आणि महाजालाच्या साह्याने, आपापल्या सवडीने, मिळून एखादे काम उभे करणे, म्हणजे सामाजिक संगणन. विकिपीडिया हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. २००१ साली इंग्रजीत सुरू झालेल्या या ज्ञानकोशाची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाली. त्यातील मजकूर लिहिणाऱ्यांना कोणी मानधन देत नाही. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा असाच लोकांनी काढलेला आहे. २०१५च्या नेपाळ भूकंपानंतर जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून तिथल्या वाड्यावस्त्या, पायवाटा आणि घरे त्यावर उमटवली, आणि मदतपथके तो नकाशा हाती घेऊन डोंगर चढली. २००७च्या जुलै महिन्यात खगोलशास्त्रज्ञांनी ‘गॅलेक्सी झू’ नावाचा उपक्रम मांडला. सुमारे दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रे लोकांसमोर ठेवली आणि प्रत्येकीचा आकार सर्पिल की लंबगोल, एवढेच विचारले. पहिल्या वर्षातच दीड लाखाहून अधिक माणसांनी पाच कोटींहून अधिक उत्तरे दिली. त्यात हानी फान आर्केल नावाची एक डच शिक्षिका होती. तिला एका छायाचित्रात हिरवट-निळसर ढगासारखे काहीतरी दिसले. ते काय आहे हे शास्त्रज्ञांनाही आधी सांगता येईना. आज ती वस्तू तिच्याच नावाने ओळखली जाते.

हे सारे लोक हे काम का करतात?

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकाला हा प्रश्न अडचणीचा आहे. त्या पुस्तकातला मनुष्य मोबदल्याशिवाय बोटही हलवत नाही. पण भोईवाडा, नायगाव, लालबाग, परळ इथे वाढलेल्या कोणालाही या प्रश्नाचे नवल वाटू नये. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात बारा-बारा माणसे एका खोलीत राहत, आणि पाळी संपवून आलेला तरुण रात्री दोन वाजेपर्यंत मंडळाच्या मंडपात बांबू बांधीत असे. त्याला कोणी सांगितले होते? मंडळाच्या कार्यकर्त्याची प्रेरणा एकच कधीही नसते. गणरायावरची भक्ती असते, मित्रांची संगत असते, पलीकडच्या गल्लीपेक्षा आपला देखावा सरस व्हावा ही ईर्षा असते, पावतीपुस्तक हाती असले की चाळीत मिळणारा मान असतो. रंगकाम, विजेची जोडणी, हिशेब हे शिकायला मिळते. काहींना तर घरच्या कटकटीतून चार घटका सुटका हवी असते. हे सगळे एकाच माणसात, एकाच रात्री, एकत्र असू शकते. त्यातले उदात्त किती आणि क्षुल्लक किती, याचा ताळेबंद मंडळाचा खजिनदार मांडत बसत नाही. काम झाले पाहिजे, एवढे त्याला पुरते.

मानसशास्त्रज्ञांनी पुढे हाच ताळेबंद मांडला. स्वयंसेवक सेवा का करतात यावर १९९८ साली अमेरिकन संशोधकांच्या एका गटाने सहा कारणांची मांडणी केली. मूल्यांवरची निष्ठा, शिकण्याची इच्छा, स्नेहीसोबत्यांची ओढ, व्यवसायातला उपयोग, मनातल्या खंतीपासून वा एकटेपणापासून सुटका, आणि आत्मसन्मान, अशी ती सहा. मंडपातल्या त्या तरुणाच्या यादीशी ताडून पाहा, फारसे वेगळे काही सापडणार नाही. २००७ साली ओदेद नोव्ह या अभ्यासकाने हीच फूटपट्टी इंग्रजी विकिपीडियाच्या लेखकांना लावली. सहा कारणांत त्याने दोन भर घातली. एक, निखळ गंमत. दुसरे, ज्ञान सर्वांना मुक्त असावे ही तत्त्वनिष्ठा. दीडशेच्या आसपास लेखकांनी उत्तरे दिली. हे लोक आठवड्याला सरासरी आठ तासांहून अधिक वेळ या कामी देत होते. कारण विचारले तेव्हा गंमत आणि तत्त्वनिष्ठा या दोहोंना त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले. परंतु कोण प्रत्यक्षात किती तास देतो हे पडताळले असता एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्यांना कामात गंमत वाटत होती ते अधिक तास देत होते. तत्त्वाविषयी भरभरून बोलणारे मात्र त्या प्रमाणात अधिक काम करताना दिसले नाहीत.

संघटनेत काम केलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला आहे. बैठकीत ध्येयवादावर सर्वांत ओजस्वी बोलणारा आणि बैठक संपल्यावर सतरंज्या उचलणारा, हे बहुधा दोन वेगळे गृहस्थ असतात. याचा अर्थ तत्त्व निरर्थक आहे असा नाही. तत्त्व माणसाला दारापर्यंत आणते. दाराच्या आत त्याला रोज थांबवून ठेवते ती कामाची गोडी आणि माणसांची संगत.

अशा कामाची परंपरा महाजालाहूनही जुनी आहे. १८७९ साली जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी जनतेला आवाहन केले, की पुस्तके वाचा आणि शब्दांच्या वापराची अवतरणे चिठ्ठ्यांवर लिहून पाठवा. सर्वाधिक उपयोगी पडलेल्यांपैकी एक होता विल्यम मायनर, मनोविकारामुळे इंग्लंडच्या एका बंदिस्त रुग्णालयात दिवस काढणारा अमेरिकन शल्यवैद्य. त्याने हजारो अवतरणे पाठवली. त्याची प्रेरणा कोणती होती? कदाचित आपणही कुणाच्या उपयोगी आहोत ही जाणीव. महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या वाड्यांतले, देव्हाऱ्यातले, माळ्यावरचे कागद गोळा करीत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यातून उभे राहिले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. दप्तरे देणारी घराणी, ती वाचणारे मोडी जाणकार, नकला करणारे तरुण, हे सारे त्या काळचे स्वयंसेवकच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंडांत निघाला. परकीय राजवटीत सरकारची वाट न पाहता त्यांनी मर्यादित कंपनी काढली आणि आगाऊ वर्गणीदार मिळवले. मराठी माणसाला ज्ञानकोश हवा होता आणि त्यासाठी तो खिशात हात घालायला तयार होता. पुढे स्वराज्य आले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश आकाराला आला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ते शासनाचे काम होते, विद्वानांचे काम होते, आणि तोलामोलाचे होते. मात्र ज्ञानकोश हे आपले, प्रत्येकाचे काम आहे ही केतकरकालीन भावना त्या दरम्यान कुठेतरी विरळ झाली, हे मान्य करायला हवे.

आता जडभरताकडे परत जाऊ, कारण त्याची कथा महाराष्ट्रात २०११ साली पुन्हा घडली. भारतात विकिपीडियाचे लेखक वाढावेत म्हणून पुण्यातील काही महाविद्यालयांत एक शिक्षणकार्यक्रम राबवण्यात आला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे आणि त्याला गुण मिळायचे, अशी योजना होती. हेतू निर्मळ होता. शेकडो विद्यार्थी त्यात आले. झाले काय? अनेकांनी पाठ्यपुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून तिथे चिकटवला. जगभरातले जुने स्वयंसेवक, ज्यांना कोणी गुण देत नव्हते, ते रात्र रात्र बसून तो मजकूर शोधून पुसू लागले. अखेर त्याच वर्षी तो कार्यक्रम थांबवावा लागला. विद्यार्थ्यांना दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. पण त्यांना पालखीला जुंपले होते. गुणांसाठी लेख हवा होता, तर लेखासारखे दिसणारे काहीतरी त्यांनी दिले. ज्याने स्वतःहून दांडीला हात लावला नाही, त्याच्याकडून ठेक्याची अपेक्षा धरणे ही योजकांची चूक होती.

याच सुमारास गूगल कंपनीने यंत्राच्या साह्याने आणि वेतनी अनुवादकांकरवी इंग्रजी लेखांची भाषांतरे तमिळ, तेलुगू, बंगाली अशा आवृत्त्यांत आणून ओतली होती. संख्या झरझर वाढली, पण भाषा अशी होती की मूळ स्वयंसेवक हवालदिल झाले. तमिळ कार्यकर्त्यांनी २०१० साली विकिपीडियाच्या जागतिक संमेलनात जाऊन ही व्यथा मांडली. घरात धान्य आले खरे, पण निवडायला बसावे तर खडेच अधिक.

पैशाने काम होत नाही असे कोणीही म्हणू नये. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत काम करणाऱ्यांपैकी पुष्कळांना आज त्यासाठी वेतन मिळते आणि ते काम उत्तमही करतात. प्रश्न येतो तो स्वेच्छेच्या कामाला मध्येच मोल चिकटवले की. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली रक्तदानाविषयी हेच मांडले. रक्त विकत घेण्याची प्रथा पडली की दान देणारा मागे सरतो आणि जे रक्त मिळते ते अधिक धोक्याचे असते. ही गोष्ट परळमधल्या लोकांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. के.ई.एम. आणि टाटा रुग्णालयांच्या सावलीत राहणाऱ्यांनी पैसे घेऊन रक्त देणारे पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात त्या व्यवहारावर बंदी आली. तेव्हापासून ती उणीव भरून काढण्यात गणेशोत्सवातल्या, शिवजयंतीतल्या, शाखाशाखांतल्या शिबिरांचा मोठा वाटा आहे. बिस्किटाचा पुडा आणि एक प्रमाणपत्र, एवढ्यावर माणूस रक्त देऊन जातो. याच परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन परगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आधार देत आले आहे. त्या कामाला आलेल्या कार्यकर्त्याच्या हाती कोणी तासाचा दर ठेवला, तर तो दुसऱ्या दिवशी येईल की नाही, याची शंकाच आहे.

याला उलटी बाजूही आहे. २००० साली प्रसिद्ध झालेला इस्रायलमधील हायफा शहराचा प्रयोग विख्यात आहे. पाळणाघरातून मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती, आता तिचे पैसे भरले की झाले. पुढे दंड काढून टाकला तरी ती लाज परत आली नाही.

पैसा नको तर मग काय द्यावे? शाबासकी द्यावी. हे ऐकायला बाळबोध वाटते, पण २०१२ साली यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजी विकिपीडियावर सहकाऱ्याच्या पानावर ‘बार्नस्टार’ नावाचे चित्ररूप पदक लावण्याची रीत आहे. त्याची किंमत शून्य. दोन संशोधकांनी सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का लेखकांतून काही जणांना चिठ्ठ्या टाकून निवडले आणि हे पदक दिले. पुढच्या नव्वद दिवसांत, पदक न मिळालेल्या तोडीस तोड लेखकांच्या तुलनेत, त्यांचे काम साठ टक्क्यांनी अधिक भरले. वारीत दिंडीचा क्रमांक रथाजवळ असावा यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपणूक होते, त्यातलेच हे.

दुसरी गोष्ट, आपल्यावाचून अडते आहे ही जाणीव. अमेरिकेतील एका विद्यापीठात चित्रपटांना गुण देण्याचा एक सार्वजनिक उपक्रम चालतो. तिथल्या सदस्यांना २००४च्या सुमारास पत्रे पाठवण्यात आली. ज्यांना ‘तुम्ही पाहिलेले चित्रपट फार थोड्यांनी पाहिले आहेत, तुमचे मत विशेष मोलाचे आहे’ असे कळवले, त्यांनी इतरांपेक्षा अधिक नोंदी केल्या. ‘सर्वांनी यावे’ या फलकावरच्या निमंत्रणाला कोणी येत नाही. ‘तुमच्या पेटीशिवाय भजन रंगणार नाही’ म्हणून कोणी घरी आले, की माणूस पायात चपला सरकवतो.

तिसरी गोष्ट वाचकाची, आणि मराठीच्या दृष्टीने तीच सर्वांत कळीची आहे. २००५ सालच्या ऑक्टोबरात चीनच्या सरकारने मुख्य भूमीवर चिनी विकिपीडिया बंद पाडला. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर इथल्या चिनी लेखकांवर कोणतेही बंधन आले नव्हते. ते पूर्वीसारखे लिहू शकत होते. झांग आणि झू या संशोधकांनी त्यांचे लेखन मोजले, तर ते सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटले होते. वाचणारा गेला, तशी लिहिणाऱ्याची उमेदही गेली. आता हा आरसा स्वतःकडे वळवून पाहावा. मराठीवर कोणत्याही सरकारने बंदी घातलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तर केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. मराठी विकिपीडियात सुमारे एक लाख लेख आहेत आणि त्यांतले पुष्कळ अवघ्या चार-दोन ओळींचे आहेत. मराठीपेक्षा भाषकसंख्येने लहान असलेल्या तमिळमध्ये ते दीड लाखाहून अधिक आहेत. इथल्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा प्रकल्पासाठी माहिती शोधतो ती इंग्रजीत, आणि त्याचे वडील त्याला शोधून देतात तीही इंग्रजीत. चीनमध्ये जे सरकारने केले, ते इथे घराघरांत कोणाच्या हुकमाविना होत आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाटेत तांत्रिक काटेही कमी नव्हते. दोन दशकांपूर्वी एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की चौकटी आणि चिन्हे दिसत. प्रत्येक कंपनीची लिपी निराळी. युनिकोडने तो गोंधळ बराच मिटवला, परंतु ‘ॲ’ या मराठीला रोज लागणाऱ्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले. तोवर स्वयंसेवक ‘अ’वर चंद्र चढवून वेळ मारून नेत होते. त्या काळात ज्यांनी टंकलेखनाच्या सोयी केल्या, नवख्यांना कळफलक शिकवला, त्यांतल्या बहुतेकांची नावे मराठी समाजाला ठाऊकही नाहीत. आज भ्रमणध्वनीवर बोलले तरी मराठी उमटते. तेव्हा ‘मराठीत लिहिता येत नाही’ ही सबब आता संपली.

सबब संपली तरी अडथळे संपले नाहीत, आणि त्यांतला सर्वांत मोठा अडथळा आतला आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय लेखकांची संख्या २००७ नंतर घसरू लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे कारण शोधले. सद्भावनेने आलेल्या नवख्याचे पहिलेच लेखन जुने लोक, आणि त्यांनी नेमलेली स्वयंचलित यंत्रे, क्षणार्धात पुसून टाकतात. नवखा पुन्हा येत नाही. दर्जा राखण्यासाठी उभी केलेली भिंत माणसे बाहेर ठेवण्याची भिंत झाली. हा दोष केवळ संगणकाचा नाही. शाखेत, मंडळात, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत पहिल्याच दिवशी नव्या मुलाच्या चुकीवर बोट ठेवणारे ज्येष्ठ कोणी पाहिले नाहीत? वारीने यावर शेकडो वर्षांच्या अनुभवातून एक युक्ती काढली आहे. सायंकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, सर्वांसमक्ष निवाडा होतो. हरवले-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते आणि मगच आरती. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागे चर्चापान असते ते याचसाठी. पण चोपदाराने त्या टाळांकडे वळून पाहिले पाहिजे.

बायकांचा प्रश्न तर उघड आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत विकिपीडियाच्या लेखकांत स्त्रियांचे प्रमाण १३ टक्क्यांहून कमी निघाले. ज्या भोईवाड्यात हळदीकुंकवापासून भिशीपर्यंत सगळे संघटन स्त्रियाच चालवतात, तिथे त्यांना संघटनकौशल्य नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्यांच्याकडे सलग दोन तास नसतात, आणि अनोळखी पुरुषाशी लेखी वाद घालण्याची हौस नसते. पाककृती, ओव्या, सणवार, रांगोळी, बाळंतिणीचे आहारशास्त्र यांवरचे लेख मराठीत कृश आहेत ते त्यामुळेच. दहा मिनिटांत पुरे होईल असे काम त्यांच्यासमोर कोणी ठेवले आहे का, हे आधी तपासावे.

संताप हीदेखील एक प्रेरणा आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या इतिहासपुरुषांविषयी काही वावगे लिहिलेले दिसले की शेकडो माणसे एका रात्रीत जागी होतात. तो जिव्हाळा खोटा नसतो. पण संतापलेला माणूस मजकूर खोडतो, शिवी लिहितो आणि पहाटे झोपी जातो. त्या ओळीखाली राजवाड्यांच्या खंडाचा पृष्ठांक देऊन योग्य मजकूर लिहिणारा शेकड्यात एखादाच. जातीच्या अभिमानापायी वंशावळी बदलणारे तर आणखी वेगळे. त्यांच्या उत्साहाला तोटा नसतो, म्हणूनच त्यांचा त्रास अधिक.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात माणूस काम करतो पण त्याला ते ठाऊकच नसते. संकेतस्थळावर ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ म्हणून वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगत, हे अनेकांना आठवत असेल. २००७ साली लुई फॉन आन या संशोधकाने त्यात एक मेख घातली. दोन शब्दांपैकी एक जुन्या छापील पानावरचा असे, जो यंत्राला वाचता येत नव्हता. कोट्यवधी लोकांनी, नकळत, जुनी वृत्तपत्रे आणि पुस्तके टंकित करून दिली. २००९ साली ती कंपनी गूगलने घेतली. कल्पना बुद्धिमान खरी. पण हीही भोयांचीच पालखी, फक्त भोयांच्या डोळ्यांवर पट्टी. आज कृत्रिम प्रज्ञेची यंत्रे विकिपीडियासारख्या स्वयंसेवकी कामावर पोसली जात आहेत आणि उत्तर तिथेच मिळाल्याने वाचक मूळ लेखापर्यंत पोहोचेनासा झाला आहे. चीनच्या उदाहरणात वाचक गेल्यावर काय झाले, ते आताच पाहिले. मराठीत जे चांगले लिहिले जाईल तेच यंत्र मराठीत बोलेल, आणि जिथे मराठी मजकूर नसेल तिथे ते इंग्रजीतून उचललेले ठिगळ लावील.

तेव्हा प्रश्न उरतो तो उद्या सकाळी काय करायचे याचा. दहा मिनिटांचे एक काम इथून हाकेच्या अंतरावर आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे घर नायगाव-दादरमध्येच आहे. तिथल्या कपाटांत असलेली जी पुस्तके लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटून गेलेली आहेत, ती भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली आहेत. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, राजवाडे १९२६ साली, केतकर १९३७ साली. विकिपीडियाचा ‘विकिस्रोत’ नावाचा भाऊ अशा पुस्तकांसाठीच आहे. डाव्या-उजव्या बाजूंना एकीकडे जुन्या पानाचे छायाचित्र आणि दुसरीकडे यंत्राने वाचलेला, चुकांनी भरलेला मजकूर दिसतो. चित्र पाहून मजकूर दुरुस्त करायचा, एवढेच काम. ज्या आजोबांची दृष्टी शाबूत आहे आणि दुपार रिकामी आहे, त्यांना ते जमते. दहावीच्या मुलालाही जमते, आणि त्याचे शुद्धलेखन सुधारते ते वेगळेच.

तिथे पानाच्या खाली रंगाची खूण असते. कोणीच न तपासलेले पान लाल. एकाने तपासले की पिवळे. पिवळ्याचे हिरवे करण्याची मुभा मात्र पहिल्या माणसाला नसते, त्यासाठी दुसराच कोणीतरी यावा लागतो. तो कोण, कुठला, हे पहिल्याला कदाचित कधीच कळत नाही. मराठी विकिस्रोतात अशी कितीतरी पाने आज पिवळी होऊन पडून आहेत.